कुडाळ कोर्टात नव्याने प्रॅक्टिस सुरू केली आहे. दाव्याच्या कामात एआय वापरू का? सीनियर नको म्हणतात.

वापरा. पण निवाड्यांच्या बाबतीत तुमच्या सीनियरचं म्हणणं सोळा आणे खरं आहे. २०२३ साली न्यूयॉर्कच्या कोर्टात चॅटजीपीटीने रचलेले, कधी झालेच नाहीत असे निवाडे दाखल झाले आणि दोन वकील व त्यांच्या फर्मला मिळून ५,००० डॉलर दंड बसला.

खोटा निवाडा शोधल्यावर सापडत नाही, म्हणून निदान पकडता तरी येतो. जास्त घात खरा पण मोडीत निघालेला निवाडा करतो. आपल्याकडचा नेहमीचा वाटपाचा दावा घ्या. सातबारा सामायिक, भाऊ मुंबईला, बहिणी हिस्सा मागतायत, वडील २००५ च्या आधीच वारलेले. इथे एआय ‘प्रकाश विरुद्ध फुलवती’ पुढे करू शकतो: हिंदू उत्तराधिकार कायद्यातली दुरुस्ती लागू झाली त्या दिवशी, ९ सप्टेंबर २००५ ला, वडील हयात नसतील, तर मुलीला सहदायादाचा (वडिलोपार्जित मिळकतीत जन्मानेच हिस्सा असणाऱ्याचा) हक्क नाही. निवाडा सुप्रीम कोर्टाचाच, २०१५ चा. पण २०२० मध्ये ‘विनीता शर्मा’ निकालात तीन न्यायमूर्तींनी तो फिरवला. तेव्हा ई-एससीआरवर, म्हणजे सुप्रीम कोर्टाच्या निवाड्यांच्या ऑनलाइन संग्रहावर, मूळ निवाडा उघडा (फुकट आहे), परिच्छेद वाचा, तो आजही टिकून आहे का ते बघा. मगच कोर्टात द्यायच्या निवाड्यांच्या यादीत घाला.

फेरफार, वारसनोंदी, नोटिसा तारीखवार लावून घ्यायला एआय छान. नंतर नक्कल हातात घेऊन ओळ न् ओळ ताडा. सातबाऱ्याच्या ‘इतर हक्क’ रकान्यातली कुळाची एक नोंद सुटली तरी दावा फिरतो.

मला सर्वांत मोलाचा वाटतो तो उलटतपासाच्या तयारीचा उपयोग. आपल्या कैफियतीचा (प्रतिवादीच्या लेखी उत्तराचा) गोषवारा द्यायचा आणि सांगायचं, आता तू वादीचा वकील हो, यातली भोकं काढ. घरपट्टी कोण भरतं? झाडांच्या कलमांचं उत्पन्न कोण घेतं? गडगा (दगडी कुंपण) कोणी घातला? असे प्रश्न ऑफिसातच निघाले, तर पक्षकाराला वेळेवर विचारता येतात. नवीन वकिलाला अशी तालीम दुसरीकडे सहज मिळत नाही.

नावं, गट नंबर, आधार क्रमांक मात्र कधीच टाकू नका. ‘वादी १’, ‘मिळकत अ’ एवढंच लिहा. पक्षकाराने विश्वासाने सांगितलेलं त्याच्या संमतीशिवाय बाहेर जाऊ न देणं हे भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम १३२ नेच तुमच्यावर बांधलंय. मृत्युपत्रं आणि घरातल्या भांडणाचे कागद तर अपलोडच करू नका.