पिनकोडचे अवयव

सांगली

चि. मित्रास,
अनेक आशीर्वाद.

मोठी संख्या दिसली की तू लगेच २, ३, ५, ७ ने भागत सुटतोस. आधी तिच्याकडे नीट बघत जा. आपल्या दोन गावांचे पिनकोडच घे: सांगलीचा ४१६४१६, साताऱ्याचा ४१५००१.

४१६४१६ मध्ये ४१६ दोनदा आलेत, म्हणजे ही संख्या ४१६ × १००१. त्यात १००१ = ७ × ११ × १३ (हे पाठच असू दे) आणि ४१६ = ३२ × १३. झाले, २⁵ × ७ × ११ × १३². इथे मुले हमखास चुकतात. एक १३ इकडून आला, एक तिकडून, म्हणून दोन्ही वेगळे ठेवतात आणि विभाजक मोजतात ६×२×२×२×२ = ९६. पण १३ मधून निवड तीनच प्रकारे होते: १, १३ किंवा १६९. म्हणून खरे विभाजक ६×२×२×३ = ७२. सारखे अवयव आधी एकत्र करायचे, मग घातांकात १ मिळवायचा.

४१५००१ चिवट आहे. शेवटी १, अंकांची बेरीज ११, म्हणजे २, ३, ५ बाद. ४१५ मधून ००१ वजा केले की ४१४, म्हणजे ही संख्या ४१५ × १००१ − ४१४. ४१४ ला ७, ११, १३ ने भाग जात नाही, म्हणून ४१५००१ लाही नाही. पुढे शंभरपर्यंत भागलेस तरी काही हाती लागणार नाही, आणि तिथेच थांबून ‘मूळ संख्या’ लिहिलेस तर चुकशील. वर्गमूळ ६४४ च्या किंचित पुढे आहे. तिथपर्यंतच्या सगळ्या मूळ संख्या तपासल्याशिवाय असा निकाल देता येत नाही.

त्याआधी फर्मा या गणितज्ञाची रीत लावून बघ: संख्या दोन वर्गांची वजाबाकी म्हणून लिहायची, कारण अ² − ब² = (अ − ब)(अ + ब). वर्गमूळाच्या लगेच वरची पूर्ण संख्या ६४५, तिचा वर्ग ४१६०२५. त्यातून ४१५००१ गेले, उरले १०२४, म्हणजे ३२ चा वर्ग! म्हणून (६४५ − ३२)(६४५ + ३२) = ६१३ × ६७७. दोन्ही मूळ, विभाजक फक्त ४. किती सुंदर! नुसते भागत गेला असतास तर ६१३ ही ११२ वी मूळ संख्या आहे, तितके भागाकार पडले असते.

पहिल्याच फटक्यात जमले ते दोन्ही अवयव जवळचे म्हणून. आरएसए या सांकेतीकरणाची (गुप्त संदेश लिहिण्याची) सुरक्षितता दोन मोठ्या मूळ संख्यांच्या गुणाकाराचे अवयव सापडू न देण्यावर असते; त्यासाठी निवडलेल्या दोन मूळ संख्या एकमेकींच्या फार जवळ नसाव्यात, हा दंडक याच कारणाने आहे. वजाबाकी पूर्ण वर्ग नसेल तर ६४६, ६४७ असे पुढे जायचे. वजाबाकीचा शेवटचा अंक २, ३, ७ किंवा ८ असेल तर वर्गमूळ काढूच नकोस. अवयव लांबलांबचे असले तर मात्र ही रीत फार रडवते. म्हणून लहान मूळ संख्यांनी आधी भागून घे, विशेषतः २ चे सगळे अवयव काढून टाक, मग चार-पाच वर्ग बघ, नाहीच जमले तर पुन्हा भागाकार.

कराडचा ४१५११० करून पाठव. ३० बाहेर काढलेस की १३८३७ उरतील. तिथे दुसऱ्या प्रयत्नात वर्ग सापडेल.