पर्ल: सबरूटीनला स्वतःचा अ‍ॅट्रिब्यूट कसा लावायचा आणि नंतर वाचायचा कसा?

पर्ल या प्रोग्रामिंग भाषेत सबरूटीनच्या (फंक्शनच्या) नावापुढे कोलन देऊन लावलेली खूण म्हणजे अ‍ॅट्रिब्यूट. तुमची मॉड्यूल्स प्रोग्राम चालू असताना 'रिक्वायर'ने लोड होतात, आणि तुमच्या अडचणी दोन आहेत. 'सब अहवाल : पब्लिक' लिहिलं की 'इनव्हॅलिड कोड अ‍ॅट्रिब्यूट' म्हणत कंपाइल थांबतं, आणि 'अ‍ॅट्रिब्यूट्स::गेट'मध्ये 'एलव्हॅल्यू' दिसतो तसा 'पब्लिक'ही दिसायला हवाय.

पर्लला स्वतःचे असे मोजकेच अ‍ॅट्रिब्यूट कळतात, जसे एलव्हॅल्यू, मेथड, आवृत्ती ५.२० पासून प्रोटोटाइप. अनोळखी नाव आलं की ते त्या पॅकेजात किंवा त्याच्या पेरेंट क्लासमध्ये 'मॉडिफाय_कोड_अ‍ॅट्रिब्यूट्स' ही मेथड शोधतं (खऱ्या कोडमध्ये सगळं कॅपिटल). तिला पॅकेजचं नाव, सबरूटीनचा रेफरन्स आणि अ‍ॅट्रिब्यूटची यादी मिळते. जे मान्य नाहीत तेवढेच तिने परत करायचे, म्हणजे सगळं ठीक असेल तर रिकामी यादी. शेवटी 'रिटर्न १' लिहायची सवय इथे हमखास नडते. पर्ल त्या १ लाच चुकीचा अ‍ॅट्रिब्यूट समजतं आणि तीच एरर पुन्हा येते.

हे सगळं कंपाइल होतानाच घडतं, त्यामुळे ही मेथड फाइलमध्ये 'अहवाल'च्या वर हवी. आलेले अ‍ॅट्रिब्यूट एका हॅशमध्ये (की-व्हॅल्यू जोड्यांच्या साठ्यात) ठेवा आणि त्यात 'की' (key) म्हणून सबरूटीनचा रेफरन्स वापरा. हॅश नुसता 'माय'ने जाहीर करा. पुढे '= ()' लावलंत तर ती ओळ रनटाइमला चालते आणि जमवलेलं सगळं पुसून टाकते. एरर नाही, वॉर्निंग नाही, शोधत बसा! मेथडच्या आत सबरूटीन चालवून बघू नका, तेव्हा तिची बॉडी बहुधा तयार नसते.

वाचण्यासाठी त्याच पॅकेजात 'फेच_कोड_अ‍ॅट्रिब्यूट्स' लिहा आणि हॅशमधली यादी परत करा. 'गेट' तिला विचारतं आणि अंगभूत अ‍ॅट्रिब्यूटही सोबत देतं. 'पब्लिक(अ‍ॅडमिन)' लिहिलं तर कंसासकट अख्खी स्ट्रिंग हातात येते, ती फोडायचं काम तुमचं. नावाचं पहिलं अक्षर कॅपिटल ठेवा. सगळं स्मॉल असेल तर पुढे हा शब्द राखीव होऊ शकतो, अशी वॉर्निंग येते.

'अ‍ॅट्रिब्यूट::हँडलर्स' ५.८ पासून पर्लसोबतच मिळतं, पण ते एरवी चेक फेजमध्ये, म्हणजे मुख्य प्रोग्रामचं कंपाइल संपतानाच्या टप्प्यात, काम करतं. तुमची मॉड्यूल्स रनटाइमला 'रिक्वायर'ने लोड होतात, तोवर ती फेज उलटून गेलेली असते. म्हणून तुमच्यासाठी वरच्या दोन मेथडच बऱ्या.