सेंद्रिय म्हणजे सजीवापासून आलेलेच का?

प्रश्न असा आहे: 'बेन्नू या लघुग्रहावरून आणलेल्या नमुन्यात सेंद्रिय संयुगे सापडली, असे वाचले. सेंद्रिय म्हणजे सजीवांपासून मिळणारे ना? मग तिथे जीव होते असे समजायचे का? आणि विरुद्धार्थी शब्द असेंद्रिय की निरिंद्रिय?'

जीव होते असा अर्थ निघत नाही. पण तो मनात आला यात नवल काही नाही, कारण शब्दच तिकडे नेतो.

सेंद्रिय म्हणजे स + इंद्रिय, इंद्रियांसह असलेले. शब्द जुना आहे. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात, पहिल्याच अध्यायात, 'सेन्द्रियं चेतनं द्रव्यं, निरिन्द्रियमचेतनम्' असे म्हटले आहे: इंद्रिये असलेले द्रव्य चेतन, नसलेले अचेतन. इंग्रजीतला 'ऑरगॅनिक' हा शब्दही अवयवावरूनच आलेला, त्यामुळे त्याच्यासाठी सेंद्रिय अगदी चपखल बसला. त्या शब्दामागची समजूतही तशीच होती. ही द्रव्ये फक्त सजीवांच्या शरीरात, प्राणशक्तीच्या बळावर तयार होतात, असे एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीचे बरेच रसायनतज्ज्ञ मानत. १८२८ मध्ये जर्मन रसायनतज्ज्ञ फ्रीडरिख व्होलर यांनी अमोनियम सायनेट या निर्जीव रसायनापासून, एरवी मूत्रात सापडणारा युरिया मिळवला आणि स्वीडनचे रसायनतज्ज्ञ बर्झेलियस यांना पत्राने कळवले की, माणसाच्या किंवा कुत्र्याच्या मूत्रपिंडावाचून मला युरिया बनवता येतो. समजूत हळूहळू गेली, शब्द मात्र राहिला.

जीवसृष्टीच्या उगमाबद्दल लिहिताना हाच शब्द सर्वांत जास्त अडचण करतो. रासायनिक उत्क्रांतीचा मुद्दाच असा की, पहिला जीव येण्याआधी त्याला लागणारी द्रव्ये निर्जीव रसायनांतून तयार झाली असली पाहिजेत. अमेरिकी रसायनतज्ज्ञ स्टॅनली मिलर यांचा १९५३ साली प्रसिद्ध झालेला प्रयोग आठवा. काचेच्या बंद उपकरणात मिथेन, अमोनिया, हायड्रोजन आणि उकळत्या पाण्याची वाफ फिरत ठेवून तिच्यात विजेच्या ठिणग्या सोडल्या. एका दिवसानंतर पाणी गुलाबी दिसू लागले, आठवड्याअखेर गडद लाल आणि गढूळ झाले. त्यात ग्लायसिन, ॲलनिन ही अमिनो आम्ले, म्हणजे प्रथिनांचे घटक, मिळाली. जंतू वाढू नयेत म्हणून मिलर यांनी त्यात मर्क्युरिक क्लोराइडसारखे जहाल विषसुद्धा घातले होते. अशा पाण्यातल्या द्रव्याला आपण 'इंद्रियांसह असलेले' म्हणतो!

बेन्नूचेही तसेच. २०२३ मध्ये पृथ्वीवर उतरलेला तो नमुना जेमतेम १२१.६ ग्रॅमचा. सजीव प्रथिनांसाठी जी २० अमिनो आम्ले वापरतात, त्यांतली १४ त्यात मिळाली. पण बहुतेक अमिनो आम्लांची, आरशातल्या प्रतिमेसारखी, डावी आणि उजवी अशी दोन रूपे असतात. सजीवांच्या प्रथिनांत त्यांतली डावी रूपेच असतात, आणि बेन्नूच्या नमुन्यात डावी-उजवी रूपे जवळपास सारख्याच प्रमाणात आहेत. म्हणजे खूण उलट निर्जीव रसायनक्रियेकडे बोट दाखवते.

कोणी म्हणेल, शब्दाचा जुना अर्थ कुठवर धरून बसायचे? खुद्द 'उत्क्रांती' घ्या. ब्रह्मसूत्रांत उत्क्रांती म्हणजे जीवाने देह सोडून जाणे. आज तो शब्द वाचून कोणाला मरण आठवत नाही, म्हणून तो बिनधास्त वापरावा. सेंद्रियचे तसे नाही. त्याचा जुना अर्थ सेंद्रिय खतात, सेंद्रिय शेतीत रोज बोलला जातो. युरिया रसायनशास्त्राच्या पुस्तकात सेंद्रिय संयुग ठरतो, आणि सेंद्रिय शेतीत कारखान्यातल्या त्याच युरियाला मज्जाव असतो. दोन्ही वापर आपापल्या जागी बरोबर आहेत, वाचणाऱ्याचा मात्र गोंधळ होतो.

म्हणून माझे आग्रहाचे सांगणे: रसायनाबद्दल लिहिताना 'कार्बनी' म्हणा. मराठी विश्वकोशात आणि शालेय पाठ्यपुस्तकांत तो रुळलेलाच आहे. त्यालाही एक खोट आहे. कार्बन डायॉक्साइडमध्ये कार्बन असून त्याची गणना कार्बनी संयुगांत होत नाही. पण ही खोट रसायनशास्त्राच्या वर्गीकरणापुरती राहते, लघुग्रहावर जीव असल्याचा भास तरी करून देत नाही. 'जैविक' इथे नकोच, तो सरळ चुकीचा अर्थ देईल.

आता विरुद्धार्थी शब्द. असेंद्रिय सर्रास लिहिला जातो आणि अर्थही कळतो. पण त्यात आधी 'स' जोडून मग 'अ'ने तो पुसायचा, असा द्राविडी प्राणायाम आहे. निरिंद्रिय थेट आहे, जुना आहे. मी तोच लिहितो. मात्र कार्बनीसमोर निरिंद्रिय ठेवू नये, तिथे अकार्बनी हवा.

तुम्ही वाचलेले वाक्य मी असे लिहिले असते: 'बेन्नूवरून आणलेल्या नमुन्यात अमिनो आम्लांसारखी कार्बनी संयुगे सापडली, ती सजीवांवाचून तयार झालेली आहेत.'