गाडीच्या काचांवरची जुनी काळी फिल्म काचेला इजा न करता कशी काढावी?

आपण जुनी हॅचबॅक घेतली आहे, काचांवरची फिल्म जांभळी पडून तिला फुगे आले आहेत आणि दुकानदार मागची काच ब्लेडने "दोन मिनिटांत साफ करून देतो" म्हणत असल्याने आपण धास्तावला आहात, असा आपल्या प्रश्नाचा आशय आहे. आपली धास्ती रास्त आहे. बाजूच्या काचांवर ब्लेड सांभाळून चालवता येते. मागच्या काचेवर मात्र ते अजिबात लावू देऊ नये. मी माझ्या आणि नातेवाइकांच्या गाड्यांवर हे काम घरीच केलेले आहे, त्या आधारावर सविस्तर लिहितो.

आधी एक खात्री करून घ्या. काच दोन बोटे खाली करून तिची वरची कड उजेडात पाहा. फिल्म असेल तर ती कडेच्या थोडी अलीकडे संपलेली दिसते आणि तिथे नख अडकते. रंग थेट कडेपर्यंत असेल, तर तो काचेतच आहे आणि काढण्यासारखे काही नाही. सर्वोच्च न्यायालयाने २७ एप्रिल २०१२ रोजी बंदी घातली ती वरून चिकटवलेल्या काळ्या फिल्मवर. कारखान्यातूनच रंगीत आलेल्या काचेतून नियमाप्रमाणे, म्हणजे पुढच्या-मागच्या काचेतून किमान ७० टक्के आणि बाजूच्या काचांतून किमान ५० टक्के प्रकाश पार होत असेल, तर ती चालते. त्यामुळे फिल्म निघाल्यावर काचेत हलकी हिरवट झाक उरली, तर ती घासत बसू नका.

फिल्म म्हणजे पॉलिएस्टरचे पातळ थर आणि ते काचेला धरून ठेवणारा गोंद. वर्षानुवर्षांच्या उन्हाने रंग उडतो, पॉलिएस्टर ठिसूळ होते आणि गोंद काही ठिकाणी सुटून फुगे येतात, तर उरलेल्या ठिकाणी हट्टाने चिकटून राहतो. म्हणून थंड फिल्म ओढली की वरचा थर फाटून चिंधी हाती येते आणि गोंद काचेवरच राहतो. गोंद गरम करून मऊ झाला की तोच फिल्मसोबत उठून येतो. या कामातले निम्मे कौशल्य एवढेच आहे.

केस वाळवण्याचा साधा ड्रायर पुरतो. हीट गन वापरायची असल्यास ती एका जागी धरू नये, कारण काच एकाच ठिकाणी तापली तर तडकू शकते. बाजूच्या काचेचा वरचा कोपरा तापवा, नखाने किंवा नव्या ब्लेडच्या टोकाने फिल्मची कड सोडवा आणि ड्रायर ओढीच्या रेषेवर पुढेपुढे फिरवत फिल्म स्वतःवरच दुमडून अगदी सावकाश ओढा. काचेजवळ गोंदाच्या बारीक पांढऱ्या तारा ताणल्या जाताना दिसल्या, तर वेग बरोबर आहे असे समजावे. तारा न दिसता फिल्म कोरडी, सरसर निघू लागली, तर गोंद मागे राहतो आहे. तिथेच थांबून पुन्हा उष्णता द्यावी. एप्रिल-मेच्या दुपारी गाडी उन्हात उभी केली, तर निम्मे काम ऊनच करते. मात्र तापलेल्या काचेवर गार पाणी मारू नये.

गोंद काढण्यासाठी गाडी सावलीत आणा आणि काच निवू द्या. दाराच्या आतल्या बाजूला जाड टॉवेल अडकवा, कारण पाणी ओघळून पॉवर विंडोच्या बटनांत आणि स्पीकरमध्ये शिरते, आणि मग फिल्मपेक्षा मोठा खर्च निघतो. भांड्यांच्या द्रव साबणाचे पाणी काचेवर भरपूर फवारून त्यावर वर्तमानपत्राचा ओला कागद चिकटवून ठेवा व तो वाळू देऊ नका. अर्ध्या तासाने गोंद पांढरट, बुळबुळीत होतो. मग ओल्याच काचेवर नवे ब्लेड धारकात बसवून, जवळजवळ आडवे धरून, फक्त पुढच्या दिशेने चालवावे. मागे ओढताना ब्लेडखाली अडकलेला कण काचेवर रेघ पाडतो. राहिलेला चिकटपणा आयसोप्रोपिल अल्कोहोल फडक्यावर घेऊन पुसावा. काच पूर्ण स्वच्छ होईपर्यंत ती खाली करू नका, नाहीतर गोंद दाराच्या आतल्या फेल्टच्या पट्टीला लागतो आणि पुढे प्रत्येक वेळी काचेवर पट्टे उमटतात.

थिनर आणि पेट्रोल वापरण्याचा सल्ला आपल्याला हमखास मिळेल. दोन्ही प्लास्टिक आणि रबराच्या बीडिंगला खातात, शिवाय बंद गाडीत पेट्रोलची वाफ म्हणजे आगीला आमंत्रण आहे. परदेशी व्हिडिओंत अमोनिया फवारून वर काळी पिशवी लावण्याची पद्धत दाखवतात. ती उपयोगी पडते, पण गाडीच्या आत बसून तो वास घेणे मला शहाणपणाचे वाटत नाही. कपड्यांना वाफ देण्याचे यंत्र घरी असेल, तर ते त्याहून बरे.

आता मागची काच. तिच्यावरच्या तपकिरी आडव्या रेषा म्हणजे डिफॉगर, म्हणजे विजेने तापून काचेवरचे धुके घालवणाऱ्या तारा. त्या चांदीयुक्त लेपाच्या असून काचेच्या आतल्या पृष्ठभागावर भाजून पक्क्या केलेल्या असतात, आणि फिल्म थेट त्यांच्यावर चिकटलेली असते. रेष एका ठिकाणी जरी खरवडली गेली, तरी तिच्यातला वीजप्रवाह तुटतो आणि पावसाळ्यात काचेवर तेवढाच पट्टा धुकट राहतो. म्हणून इथे उष्णता किंवा वाफ जास्त वेळ द्यावी, फिल्म रेषांच्या दिशेनेच, म्हणजे आडवी ओढावी आणि दोन्ही टोकांना जिथे तार जोडलेली असते त्या पत्र्याच्या जोडापाशी विशेष जपावे. गोंदासाठी फक्त साबणपाणी, अल्कोहोल आणि मऊ फडके वापरावे. हिरवी किंवा तारेची घासणीसुद्धा नको. हॅचबॅकमध्ये डिकी उघडून उभ्याने काम करता येते, त्यामुळे मान अवघडत नाही. इथला गोंद एका दिवसात निघाला नाही तर दुसऱ्या दिवशी पुन्हा भिजवावा.

शेवटी काचेवर आतून वाफ धरवून डिफॉगर चालू करा. काच रेषांच्या कडेने पट्ट्यापट्ट्यांनी निवळू लागेल. एखादा पट्टा मागे राहिला, तर त्या रेषेवर बारीक तुटलेली जागा शोधून तिथे वीजवाहक चांदीचा रंग लावता येतो. तो छोट्या बाटलीत मिळतो. दुकानदाराकडूनच काम करून घ्यायचे ठरवले, तर मागच्या काचेला ब्लेड लागणार नाही हे त्याच्याकडून आधी कबूल करून घ्या आणि काम चालू असताना तिथेच उभे राहा.