पुण्यातली नोकरी सोडून मोहोळकडच्या चार एकरांवर शेती करावी का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: तुम्ही दोघं नवरा-बायको पुण्यात नोकरीला आहात. मोहोळ तालुक्यात आजोबांची चार एकर जमीन आहे, त्यात एक बोअर आहे. दोघांनीही नोकरी सोडून तिथे जायचं आणि चारही एकरांत डाळिंब लावायचं, असा बेत आहे. मुक्काम सोलापुरात करावा की शेतात, हेही विचारलंय.

जा, पण चारही एकर डाळिंब नको आणि दोघांचे राजीनामे एकदम नकोत. सोलापूर जिल्ह्यात जमीन किती आहे यापेक्षा मे महिन्यात पाणी किती उरतं, यावर शेती ठरते. वर्षाला सरासरी साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस, त्यातला मोठा वाटा सप्टेंबरात. ऑक्टोबरात भरलेली विहीर आणि जोरात चालणारा बोअर बघून जो बाग लावतो, तो चौथ्या-पाचव्या वर्षी टँकर शोधत फिरतो. लहान रोप थोडंच पाणी पितं, म्हणून ही चूक सुरुवातीला दिसतच नाही.

पाणी मोजायची रीत साधी आहे. एप्रिलच्या शेवटी किंवा मे महिन्यात मोटार सलग चार तास चालू ठेवा. सुरुवातीचं पाणी धरायचं नाही, ते साठलेलं असतं. चार तासांनंतर २०० लिटरचं बॅरल भरायला किती मिनिटं लागतात ते घड्याळ लावून बघा. चार मिनिटं लागली तर तासाला ३,००० लिटर. शेतीची वीज दिवसाला आठ तास मिळाली तर २४,००० लिटर. आता मागणी बघा. साडेचार बाय तीन मीटरवर एकरात जवळपास ३०० झाडं बसतात. फळावर आलेल्या झाडाला भर उन्हाळ्यात दिवसाला ४० लिटर धरा, म्हणजे एकरी १२,००० लिटर. हिशेबाने दोन एकर निघतात, पण मी एकच एकर लावा म्हणेन. शेजारी दोन नवे बोअर पडले की तुमचं पाणी कमी होणार, आणि लागोपाठ दोन वर्षं पाऊस कमी पडणं आपल्याकडे नवं नाही. बॅरल भरायला दहा मिनिटं लागत असतील तर एक एकरही भागत नाही. मग शेततळ्याशिवाय डाळिंबाचा विचार नको.

शेततळ्याचाही हिशेब करून ठेवा. ३० बाय ३० मीटर आणि तीन मीटर खोल तळ्यात, उतार सोडून, सुमारे २२ लाख लिटर मावतं. सोलापूरच्या उन्हात एप्रिल-मेमध्ये दिवसाला जवळपास एक सेंटीमीटर पाणी वाफ होऊन जातं, म्हणजे भरलेल्या तळ्यातून रोज ९,००० लिटर. उन्हाळाभरात सहा-सात लाख लिटर असेच उडतात. उरलेल्या पंधरा लाखांत एक एकर बाग चार महिने निघते. तळाला अंथरायचा प्लॅस्टिकचा कागद ५०० मायक्रॉनचा घ्या आणि अंथरण्याआधी तळातला खडा न् खडा वेचून काढा. एका टोकदार मुरमाने तळं हिवाळ्यातच रिकामं होतं. भोवती कुंपण आणि आत गाठी मारलेला दोर हवाच. कागदावरून पाय घसरला की माणसाला वर येता येत नाही.

पाण्याच्या जोडीला कागदपत्रं. आजोबांची जमीन म्हणजे सातबाऱ्यावर आज नेमकं कोणाचं नाव आहे? वारस नोंद झाली आहे का? चुलत्यांची नावं सामाईक असतील तर आधी वाटप करून घ्या. सगळ्यांची संमती असेल तर महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम ८५ खाली तहसीलदारांकडे अर्ज करता येतो. सामाईक गटात विजेची जोडणी, नवा बोअर, शेततळं यासाठी सहहिस्सेदारांचं संमतीपत्र मागतात, आणि बाग फळावर आली की भाऊबंदकीला तोंड फुटतं. ‘इतर हक्क’ रकाना नीट वाचा: सोसायटीचा बोजा, बँकेचं कर्ज, कुळाची नोंद तिथेच सापडते. मग भूमी अभिलेखकडे सरकारी मोजणी. बांध कोरत कोरत शेजाऱ्याने दोन-तीन गुंठे आत घेतलेले असणं अगदी नेहमीचं आहे. रस्ता नकाशावर आहे की केवळ वहिवाटीचा, तेही विचारा. वहिवाटीचा रस्ता कोणी अडवला तर मामलेदार न्यायालय अधिनियम १९०६ च्या कलम ५ खाली, आणि रस्ताच नसेल तर बांधावरून मिळण्यासाठी संहितेच्या कलम १४३ खाली तहसीलदारांकडे दाद मागता येते. निकालाला वेळ लागतो आणि तेवढ्यात माल शेतात सडतो, म्हणून बाग लावण्याआधीच हे निस्तरा. जमीन नवऱ्याच्या नावावर आली की लक्ष्मी मुक्ती योजनेतून बायकोचं नाव सहधारक म्हणून लावता येतं, तलाठ्याकडे अर्ज द्यावा लागतो. दोघंही राबणार असाल तर हे पहिल्याच वर्षी करा. आणि शेजारचा तुकडा विकत घ्यायचा विचार असेल तर लक्षात ठेवा: १९४८ च्या कूळ कायद्याचं कलम ६३ आहे, शेतकरी असल्याचा पुरावा नसेल तर शेतजमीन घेता येत नाही. म्हणून आधी वारस नोंद.

पहिल्या वर्षी रब्बी ज्वारी करा. मोहोळच्या संशोधन केंद्रातून आलेली मालदांडी ३५-१ अजूनही भाकरीसाठी लोक मागून घेतात. जमिनीची खोली बघून वाण निवडायचा. फूटभर खोलीच्या हलक्या जमिनीत फुले अनुराधा, दोन फुटांपर्यंतच्या मध्यम जमिनीत फुले सुचित्रा किंवा मालदांडी, त्याहून खोल भारी जमिनीत फुले वसुधा. पेरणी १५ सप्टेंबर ते १५ ऑक्टोबर. उशीर झाला की खोडमाशी पोंगे जाळते. एकरी चार किलो बियाणं, दोन ओळींत ४५ सेंटीमीटर. काणी (दाण्यांत काळी भुकटी भरणारा रोग) येऊ नये म्हणून किलोला चार ग्रॅम गंधक चोळा.

कोरडवाहू ज्वारीचं अर्धं यश कोळपणीत आहे. तिसऱ्या आठवड्यात फटीच्या कोळप्याने पहिली, पाचव्या आठवड्यात अखंड पासेच्या कोळप्याने दुसरी, आठव्या आठवड्यात दातेरी कोळप्याने तिसरी. तण मारणं हा दुय्यम फायदा. काळी जमीन सुकताना भेगाळते, त्या भेगांतून खालची ओल उडून जाते आणि कोळप्याने वर पसरलेली भुसभुशीत माती त्या भेगा बुजवते. नवखा माणूस रान स्वच्छ दिसतंय म्हणून तिसरी पाळी सोडतो आणि कणसं भरायच्या वेळी ताटं माना टाकतात. काढणीला ताटं मुळासकट उपटावी लागतात, हे काम फार कष्टाचं आहे आणि मजूर आयत्या वेळी मिळत नाहीत. टोळीशी बोलणी संक्रांतीच्या आधी करून ठेवा. कडबा पावसात भिजू देऊ नका. उन्हाळ्यात जनावरंवाले दारात येऊन नेतात आणि काही वर्षी दाण्यापेक्षा तोच जास्त पैसे देतो.

या एका हंगामात तुम्हाला चारही एकरांतली खोल माती, मुरूम, पाणी साठणारा कोपरा हे सगळं कळेल. मगच डाळिंबाची जागा ठरवा. माती तपासताना बागेसाठी एक-एक फुटाचे तीन थर वेगवेगळे घ्या, आणि सामू (पीएच), क्षारता यांसोबत मुक्त चुना तपासायला सांगा. आपल्याकडे चुनखडी खाली लपलेली असते, झाड तिसऱ्या वर्षी पिवळं पडल्यावर समजतं. डाळिंबाला हलकी ते मध्यम, निचऱ्याची जमीन मानवते. भारी काळ्या रानात लावायचंच असेल तर गादीवाफ्यावर लावा, नाहीतर मर रोग येणारच. एखादी फांदी पिवळी पडते, मग पूर्ण झाड वाळतं. खोड आडवं कापलं की आत तपकिरी-काळा डाग दिसतो. हा रोग मुळांतून शेजारच्या झाडाला लागतो, म्हणून वाळलेलं झाड तिथे ठेवायचं नाही, आणि डाळिंब काढलेल्या रानात लगेच पुन्हा डाळिंब नको. सांगोल्यात खोडाला बारीक भोकं पाडणाऱ्या भुंगेऱ्याने गेल्या काही वर्षांत बागाच्या बागा काढायला लावल्या. एकाच पिकावर सगळं घर टाकू नका म्हणतो ते यामुळेच.

तेल्या या जिवाणूंमुळे होणाऱ्या रोगाचं वेगळं. पानावर-फळावर तेलकट काळपट डाग, फळ वाय किंवा एलच्या आकारात तडकतं. पावसाच्या थेंबांनी, रोगट रोपांनी आणि कात्रीने तो पसरतो. बहार धरणं म्हणजे पाणी तोडून झाडाला ताण द्यायचा आणि मग एकदम फुलवायचं. पावसाळ्याच्या सुरुवातीचा मृग बहार टाळा, त्याची फळं नेमकी पावसात वाढतात. तुमच्याकडे हस्त बहार बरा: सप्टेंबर-ऑक्टोबरात धरायचा, फळ उन्हाळ्याच्या तोंडाशी निघतं. अडचण एवढीच की पाऊस लांबला तर बागेला ताण बसत नाही, पानगळ अर्धवट होते आणि कळी मागेपुढे निघते. छाटताना दर झाडाला कात्री सोडियम हायपोक्लोराइटच्या द्रावणात बुडवा. छाटणीनंतर एक टक्का बोर्डो मारा: एक किलो मोरचूद ५० लिटर पाण्यात प्लॅस्टिकच्या पिंपात, एक किलो चुना दुसऱ्या ५० लिटरमध्ये, आणि दोन्ही एकदम तिसऱ्या पिंपात ओतत ढवळायचं. लोखंडी सुरी बुडवून बघा. तांबूस थर चढला तर चुना कमी पडलाय, तसंच मारलं तर पानं करपतात. केलेलं द्रावण त्याच दिवशी संपवा. सोलापूरजवळ केगावला राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र आहे. रोपं घ्यायच्या आधी तिथे एक चक्कर माराच.

ठिबकाबद्दल एकच गोष्ट नीट करा, ती म्हणजे बोअर आणि ड्रिपरचा मेळ. झाडाला ताशी चार लिटरचे चार ड्रिपर म्हणजे ३०० झाडांना तासाला ४,८०० लिटर लागतात. बोअर ३,००० देत असेल तर दाब पडतो, पहिल्या झाडाला भरपूर आणि शेवटच्याला थेंब. दीडशे झाडांचे दोन व्हॉल्व्ह करा, एकेक अडीच तास चालवा. आपलं पाणी क्षाराचं, ड्रिपरवर पांढरी पुटं धरतात. आठवड्याला नळ्यांची टोकं उघडून धुवा, अधूनमधून आम्लाची प्रक्रिया करा. आम्ल पाण्यात ओतायचं, पाणी आम्लात कधीच नाही. अनुदान हवं असेल तर महाडीबीटी या सरकारी संकेतस्थळावर अर्ज करून पूर्वसंमती येईपर्यंत बिल फाडू नका.

बाजारात पट्टी, म्हणजे आडत्याने दिलेला विक्रीचा हिशेब, वाचायला शिका. २०२३ च्या फेब्रुवारीत सोलापूर बाजारात एका शेतकऱ्याच्या ५१२ किलो कांद्याला किलोला एक रुपया भाव लागला आणि मोटारभाडं, हमाली, तोलाई वजा जाऊन हाती दोन रुपयांचा चेक आला. भाव पडलेला असताना माल गाडीत भरण्याआधी हा खर्च हिशेबात घ्यायचा, नाहीतर रानातच नांगरून टाकलेलं परवडतं.

राहिला राजीनाम्याचा प्रश्न. डाळिंबाचा पहिला बहार लागणीनंतर दोन वर्षांनी धरतात, पैसे हातात यायला अडीच-पावणेतीन वर्षं जातात. तोवर एकाचा पगार चालू राहू द्या. ज्याला पहाटे उठून मजुरांबरोबर रानात उतरायला आवडतं, त्याने आधी यावं. जोडीला पाच-सहा उस्मानाबादी शेळ्या बांधा, कडब्याचा आणि बांधावरच्या पाल्याचा उपयोग होतो. पावसाळ्याच्या आधी पीपीआर (शेळ्यांचा विषाणूजन्य साथीचा रोग) आणि आंत्रविषाराची लस चुकवू नका.

मुक्काम सोलापुरात नको. शेतीची वीज काही दिवस दिवसा, काही दिवस रात्री असते. ऑटो स्टार्टर मोटार सुरू करतो, पण व्हॉल्व्ह बदलायला आणि फुटलेली नळी बघायला माणूसच लागतो. सौर पंप मिळाला तर रात्रीची पाळी सुटते. तोवर शेतात किंवा फार तर गावात राहा, आणि रात्री रानात जाताना बॅटरी, काठी आणि गमबूट हे तिन्ही असल्याशिवाय बाहेर पडू नका. ओल्या रानात घोणस असते.