फ्लूनं गेले, पण कागदावर?

प्रश्न : दादांना फ्लू झाला, आठवड्यात गेले. डॉक्टरांच्या कागदावर नुसतं 'न्यूमोनिया'. सरकारी आकड्यात ते फ्लूचे धरले का? – एक वाचक, खानापूर

उत्तर : बहुधा नाही, ताई. निपाणीत दवाखाना चालवताना तो 'नमुना 4', म्हणजे मृत्यूच्या कारणाचा डॉक्टरी दाखला, मी कितीदा भरलाय. वरच्या ओळीत शेवटचं कारण, त्याखाली त्यामागचं, सर्वांत खाली मूळ दुखणं. आकडेवारीला हवं असतं ते मूळ. घाईत वरची ओळ भरून मोकळे होतात. (मीही झालोय.) आणि स्वाइन फ्लूच्या सरकारी आकड्यात चाचणी पॉझिटिव्ह आलेलेच धरतात. दादांचा स्वॅब घेतला होता का? म्हणून जागतिक आरोग्य संघटना एकेक कागद मोजत बसत नाही, अंदाज बांधते : श्वसनविकाराने जगात वर्षाला 2,90,000 ते 6,50,000 फ्लूबळी.