हिवातली बाग, कबड्डीचं मैदान अन् दोघींची गोष्ट

दिवाळीनंतर बागेची पत्रं वाढतात, यंदा त्यात मी लिहिते त्या दोघींच्या प्रेमाच्या गोष्टींबद्दलचीही आलीत. सगळी वाचली, इथं चार घेते.

"ताई, चिखलदऱ्यावरून स्ट्रॉबेरी आणली तं घरचे म्हणते आपण बी लावून पाहू. आमचं गाव खाली परतवाड्याजवळ. सांदवाडीत वीस-पंचवीस रोपं लावली तं येईन का?" (एक वाचक, अचलपूर तालुका)

येईल भाऊ, पण खालच्या हिशोबानं लावा, वरच्या नाही. आमचं चिखलदरा १११८ मीटर उंचीवर आहे अन् तुमचं परतवाडा जेमतेम पावणेचारशे, अन् हजार मीटर चढलं की साधारण साडेसहा अंश उतरतात, म्हणजे आमच्यापेक्षा तुमच्याकडे चार-पाच अंश जास्तच समजा. तेवढ्यानं काय होते म्हणाल तं सगळंच होते, स्ट्रॉबेरीला रात्र थंड लागते, दिवस कितीही चांगला असला तरी रात्र गरम झाली की फळ बारीक होते अन् आंबटच राहते. आमच्याकडे सीझन मार्चपर्यंत ओढतो, तुमचा फेब्रुवारीच्या मध्यात संपेल असं धरून चला.

रोपं ऑक्टोबरच्या सुरुवातीला लावायची असतात, तुम्ही आता लावाल तं फळ थोडं उशिरा अन् थोडं कमी, पण वीस रोपांना काय, लावून पाहाच. गादीवाफा करा वीतभर उंच, अन् रोपाचा मधला गाभा मातीत गाडू नका, तो गाडला की सडते, मुळं उघडी राहिली की वाळते, त्या दोन्हीच्या मधात लावायचं. ज्या जागी मागच्या वर्षी वांगे, टमाटे, मिरची होती तिथं लावू नका, त्यांचा मर रोग मातीत राहतो अन् स्ट्रॉबेरीलाही धरतो. प्लॅस्टिकचं मल्चिंग विकत आणायची गरज नाही, सोयाबीनचं कुटार पसरा बोटभर, फळ मातीला टेकलं नाही पाहिजे एवढंच. लांब दोर फुटतात ते फळाच्या दिवसात तोडत जा. अन् बुलबुल. बुलबुलाला तुमच्या आधी कळते कोणतं फळ पिकलं ते, म्हणून जाळी टाका.

थंडी जास्त उतरली तं काय, हेही विचारलं तुम्ही. ज्या रात्री आभाळ मोकळं अन् वारा बंद, त्या रात्रीची भीती, धुई असली तं उलट बरं. संध्याकाळी वाफ्याला पाणी द्या, ओली माती दिवसाची ऊब रात्रभर थोडी थोडी सोडते, अन् वरून जुनी लुगडी टाका, सकाळी ऊन आलं की काढा. माझे एका जानेवारीत चाळीस टमाटे एका रात्रीत काळे पडले होते, पानावरचं दहिवर गोठलं होतं, तेव्हापासून घरातलं एकही जुनं लुगडं मी बोहारणीला देत नाही.

"बाई, माही भाची कॅनडात कॅलगरीले रायते. तिथं घरामागं जागा हाय. तिले मेथी, वांगे, लसूण लावाचं हाय. बर्फात कसं काय जमन? फोनवर मलेच विचारते अन् मी तं कापूसवाला माणूस." (एक काका, दारव्हा तालुका)

काका, तुमचं पत्र मी दोनदा वाचलं, इतका आनंद झाला. थंड मुलखातली बाग हा माझा जुना नाद आहे, बर्फाच्या देशातले लोकं कसं पिकवतात ते वाचण्यात माझे कितीतरी पावसाळे गेले.

पहिले लसूण, कारण तो सगळ्यात सोपा. आपण ऑक्टोबर-नोव्हेंबरात लावतो अन् उन्हाळ्याच्या तोंडावर काढतो. ती सप्टेंबरच्या शेवटी लावेल, जमीन गोठायच्या महिनाभर आधी, मुळं धरतात अन् मग तो झोपतो. बर्फाखाली पाच-सहा महिने झोपतो अन् एप्रिलमधे कोंब काढतो. तिनं आपला लसूण नेऊन लावू नये, तिथलाच कडक दांड्याचा घ्यावा, त्याला थंडी लागतेच, थंडी मिळाली नाही तं त्याच्या कुड्या सुट्या होत नाहीत, नुसता एक गोल कांदा राहतो. आपल्या संत्र्याचंच पहा नं काका, आंबिया बहाराला डिसेंबर-जानेवारीत पाणी तोडून ताण देतो, वरून थंडीचा ताण, अन् मग पाणी सोडलं की झाड फुलानं पांढरं होते. ताण मिळाला नाही तं फूल नाही. भाचीला एवढंच सांगा की लसणाचा ताण बर्फ देते, तिला वऱ्हाडातल्या पोरीला लगेच समजेल.

बर्फाची भीती तिला वाटत असेल तं सांगा की बर्फ हे पांघरूण आहे, खालची माती वरच्या हवेपेक्षा कितीतरी ऊबदार राहते. खरा त्रास कॅलगरीत वेगळाच आहे, तिथं चिनूक म्हणून गरम वारा डोंगरावरून उतरतो, भर हिवाळ्यात काही तासांत बर्फ वितळवतो, अन् दोन दिवसांनी पुन्हा सगळं गोठते. या उघडझाकीत रोपं मरतात. म्हणून लसणावर वाळल्या पानांचा चांगला चार-सहा इंच थर पाहिजे, तो थर काही थंडी अडवायला नाही, ऊब अडवायला आहे. मला ही गोष्ट फार आवडते.

जूनच्या शेवटी लसणातून गोल वळलेली दांडी येते, ती तोडायची, नाही तं गड्डा बारीक राहतो, अन् तोडलेली फेकायची नाही, आपल्या पातीसारखी भाजी होते. गड्डे ऑगस्टमधे काढायचे.

वांग्याला मात्र बळ लागते. मार्चमधे घरात खिडकीशी ट्रेमधे बी टाकायचं, मे महिन्याच्या शेवटी रोपं रोज थोडी थोडी बाहेर ठेवून आठवडाभर सवय लावायची अन् जूनमधे बाहेर, दक्षिणेच्या भिंतीशी काळ्या कुंडीत, म्हणजे भिंत रात्री ऊब देते. मोठं भरताचं वांगं सोडा, छोटी काटेरी भरायची लावा म्हणावं. सप्टेंबरात पुन्हा गोठते, एवढ्याच दिवसांत सगळं बसवायचं आहे. अन् गारपीट तिथंही होते बरं का, ऐन जून-जुलैत, जाळी तयार ठेवा.

मेथी तं काय, मे पासून दर पंधरा दिवसांनी मूठभर टाकत जावी. पालक तेवढा जूनमधे टाकू नये, तिथं तेव्हा साडेसोळा तास दिवस असतो अन् एवढ्या उजेडात पालक पानं सोडून सरळ फुलावर जाते.

"ताई, मी बी.ए.ले आहो, गावच्या कबड्डी टीममधे खेळतो. तुमच्या गोष्टी वाचून मी बी एक लिहून रायलो, टीममधल्या दोन पोट्ट्यांची. पण गावात 'गे' शब्द कोणी बोलत नाही, शिव्याच आहे. मंग त्या पोट्ट्यानं सोताले काय म्हणावं? अन् प्रेम आहे हे कसं दाखवाव, लय फिल्मी होते." (नाव छापू नये, वणी तालुका)

नाव छापत नाही. तुझं पत्र आल्यापासून माझ्या टेबलावरच आहे.

पहिले दुसऱ्या प्रश्नाचं सांगते कारण त्याचं उत्तर तुझ्याजवळच आहे, माझ्यापेक्षा जास्त. तू खेळतोस. तीस सेकंदाची चढाई, एक दम, समोर सात जण. तुझा एक पोट्टा रेडर अन् दुसरा लेफ्ट कॉर्नर असू दे. रोज संध्याकाळी प्रॅक्टिसमधे हा चढाईला जातो अन् तो घोटा धरायला टपलेला. सहा महिने रोज एकमेकांचे पायच पाहिले आहेत दोघांनी. कॉर्नरला माहीत आहे की हा बोनसला जाताना आधी डावा खांदा पाडतो. बाकी टीममधे कोणालाच माहीत नाही. अन् मग तालुक्याच्या मॅचमधे हे दोघं वेगवेगळ्या बाजूनं खेळतात, रेडरच्या टीमच्या लागोपाठ दोन चढाया रिकाम्या गेलेल्या, आता त्याची तिसरी, करा किंवा मरा, तो खांदा पाडतो, अन् कॉर्नर अर्धा सेकंद उशिरा झेपावतो. किंवा उशीर करत नाही, पक्का धरतो, ते तू ठरव. पण वाचणाऱ्याला सगळं कळून जाईल, डोळ्यात पाणी-बिणी काही लिहावं लागणार नाही. कबड्डीत अंगाला अंग लागणं रोजचं आहे, त्यात कोणाला काही वाटत नाही, म्हणूनच तुझ्या पोट्ट्याला काय वाटते ते तिथं लपूनही राहते अन् उघडंही पडते. अशी जागा शहरातल्या लेखकाला मिळत नाही रे.

शब्दाचं. त्यानं स्वतःला काहीच म्हटलं नाही तरी चालते. आपल्याकडे 'त्या दोघांचं लय जमते' एवढ्यावर अख्खं आयुष्य निघून जाते. मोबाईलवर त्याला 'गे' शब्द सापडतो, तो एकटाच मनात म्हणून पाहतो, असंही होते, माझंही तसंच झालं होतं, खोलीचं दार लावून. शिवी लिहायची असेल तं ती जो देईल त्याच्याच तोंडात ठेव, तुझ्या स्वतःच्या वाक्यात येऊ देऊ नको, अन् ऐकणाऱ्याच्या अंगात त्या वेळी काय झालं ते लिही. बोली मले-तुलेच ठेव, साफ करू नको.

अन् एक जपून कर. खरा मुलगा गोष्टीत ओळखू येऊ नये. गाव बदल, खेळायची जागा बदल, कपाळावरची खूण बदल. तुला जे लिहायची हिंमत झाली ती त्याला झाली असेलच असं नाही. टोपणनावानं पाठवलंस तरी आम्ही वाचतो.

"तुमच्या कथांतल्या दोघी जणी सारख्या निंदण करतात, मॅच पाहतात, भाकरी खातात. घरचे त्रास देत नाहीत, भांडण नाही. खऱ्या आयुष्यात असं असतं का? मला वाचायला आवडतं पण खरं वाटत नाही." (एक वाचक, चांदूर बाजार)

ताई, त्रास झाला. आईनं तीन वर्षं माझा फोन उचलला नाही. ते मी लिहिलं आहे अन् अजून लिहीन. पण मी दुसरं एक सांगते.

१ जानेवारी २०१८. आम्ही दोघी लसूण निंदत होतो. मोबाईलला रेंज फक्त विहिरीच्या कठड्यावर यायची म्हणून फोन तिथं ठेवलेला अन् पाळीपाळीनं जाऊन स्कोअर पाहायचा. तिकडे इंदूरला रणजीची फायनल, समोर दिल्ली. १९५७ पासून विदर्भ रणजी खेळते अन् तोवर एकदाही जिंकलं नव्हतं, आम्ही लहानपणापासून फक्त हरल्याच्या बातम्या वाचलेल्या, त्याही पेपरच्या कोपऱ्यात. पहिल्या डावात आपल्या विदर्भाच्या गुरबानीची हॅटट्रिक झाली तेव्हापासून आम्हाला झोप नव्हती. उन्हं कलली तेव्हा जिंकायला २९ पाहिजे होते, तिची पाळी होती, ती कठड्यावरून अशी ओरडली की शेजारचे दादा साप निघाला म्हणून काठी घेऊन धावत आले. मग तेही नाचले. तिनं मातीच्या हातांनी माझा चेहरा धरला, दादांसमोर, अन् दादा म्हणाले चहा ठेवा आता.

तेव्हा आमच्यासारख्यांचं नातं गुन्हा ठरवणारं कलम ३७७ होतं. सुप्रीम कोर्टाचा निकाल ६ सप्टेंबरला आला, म्हणजे आठ महिने बाकी होते. लग्नाचा हक्क २०२३ मधेही कोर्टानं दिला नाही, आजही नाही. सातबाऱ्यावर एकीचंच नाव आहे अन् त्याची काळजी रात्री वाटते. पण ती संध्याकाळ झाली, अगदी अशीच झाली, अन् ती लिहिली नाही तं आमच्याबद्दल फक्त मार खाल्ल्याचंच लिहिलेलं राहील. वणीच्या त्या पोरानं माझ्या गोष्टी वाचूनच लिहायला घेतलं. त्याला पुढे काय काय मिळू शकते हेही कुठंतरी छापलेलं पाहिजे, निंदण, मॅच, चहा, सगळं.

भांडणाचं मात्र तुमचं बरोबर आहे, ते राहून गेलं खरं. पुढच्या अंकातल्या गोष्टीत दोघी चांगल्या आठ दिवस बोलत नाहीत, संत्र्याचा ताण कधी तोडायचा यावरून.